शाहिराचा गळा कोणाचा?

केदार शिंदे दिग्दर्शित 'महाराष्ट्र शाहीर' २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्या आठवड्यात त्याच्यावर जे लिहायचे ते लिहून झाले, तारे देऊन झाले, आणि यथावकाश तो चित्रपटगृहांतून उतरला. पण चित्रपट उतरल्यानंतरही त्याची गाणी उतरली नाहीत. ती लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवात आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजत राहिली. त्यामुळेच त्या वेळी बाजूला राहिलेला एक प्रश्न आता सावकाशीने विचारावासा वाटतो.

शिरवळहून साताऱ्याकडे निघाले की खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर सुरूर फाटा लागतो. तिथून आत वाई, आणि वाईच्या पुढे पाचगणीला चढणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी पसरणी. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ रोजी झाला. म्हणजे चित्रपट आला ते त्यांचे जन्मशताब्दीचे वर्ष होते. साहजिकच आमच्या या खंडाळा-वाईच्या पट्ट्यात चित्रपटाविषयी आपलेपणाची चर्चा झाली, आणि ती जवळजवळ सगळी एकाच वाक्याभोवती फिरली : अंकुश चौधरी शाहीर वाटतो का? कुणी म्हणाले हुबेहूब वाटतो, कुणी म्हणाले अंकुशच वाटतो. फेटा, मिशी, नाकाची ठेवण, म्हातारपणाची रंगभूषा असे सगळे तपासले गेले. गळा मात्र कुणी तपासला नाही.

गायकावरचा चरित्रपट करताना पात्रनिवड एकदा होत नाही, ती दोनदा होते. एकदा चेहऱ्याची आणि एकदा गळ्याची. एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा खेळाडूच्या चरित्रपटात ही अडचण येत नाही. लोकमान्यांच्या भूमिकेतल्या नटाला स्वतःच्या आवाजात गर्जना करता येते. गायकाचे तसे नाही. लोक ज्या गोष्टीसाठी त्याला ओळखतात, ती नेमकी नटाकडे नसते, उसनी आणावी लागते. 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये पहिली निवड गाजली आणि दुसरी गृहीत धरली गेली. संगीत अजय-अतुल यांचे म्हटल्यावर गळा अजय गोगावले यांचा असणार हे सर्वांना मान्यच होते. जणू तो निर्णय नव्हताच.

थोडे मागे जाऊन पाहू. मराठी चित्रपटाने गाणाऱ्या माणसाचे चरित्र पहिल्यांदा भव्यपणे उभे केले ते प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये, १९३६ साली. दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांना घेतले. पागनीस नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या चालण्याबोलण्यात त्या सवयीची छाया असेल, देहूचा वाणी म्हणून ते पटतील का, ही शंका रास्त होती. पण ते गात होते, आणि टाळ हातात घेतलेला तो माणूस गाऊ लागला की शंका विचारण्याचे भान राहत नसे. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले गीत पुष्कळांनी तुकोबांचाच अस्सल अभंग समजून स्वीकारले, यात आठवल्यांच्या लेखणीचे श्रेय मोठे आहेच. पण त्या गळ्याचेही आहे. पागनीसांच्या तोंडून आलेले शब्द तुकोबांचे नाहीत असे लोकांना वाटेना.

पुढे १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे, लेखन गदिमांचे, संगीत वसंत देसाई यांचे. रामजोशी झाले जयराम शिलेदार, आणि ते संगीत रंगभूमीवरचे गाते नट. पेशवाईच्या अखेरच्या काळातला सोलापूरचा हा कीर्तनकार-शाहीर कसा दिसत होता, कसा गात होता, हे सांगायला १९४७ साली कोणीच नव्हते. त्यामुळे शिलेदारांना मोकळे रान मिळाले. त्यांचे गाणे नाट्यसंगीताच्या वळणाचे आहे, तमाशाच्या फडातले नाही, असा आक्षेप आज घेता येईल; मी तो घेतोही. पण गाताना त्यांची छाती भरते, मान ताणली जाते, शब्द ओठांवर येण्याआधी डोळ्यांत येतो, हे सगळे एका देहात घडते. शेजारी हंसा वाडकर असताना तर त्या जुगलबंदीला खरोखर फडाची धग येते.

तोवर पार्श्वगायन रुळले होते. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा या संकेताला प्रेक्षक इतका सरावला की त्याला त्यात काही खोटे वाटेनासे झाले. प्रेमगीताला हा संकेत चालतो, कारण नायक काही गायक नसतो. त्याचे गाणे हे त्याच्या मनातले बोलणे असते. पण गायकाची गोष्ट सांगू लागल्यावर तोच संकेत अडचणीचा होतो. गाणे हा तिथे त्याचा उद्योग असतो, घाम गाळून केलेले काम असते. कुंभाराच्या चित्रपटात चाक फिरवणारे हात दुसऱ्याचे दाखवले तर आपण हसू. गायकाच्या चित्रपटात मात्र चालवून घेतो.

नेहमीच चालवून घेऊ नये असेही नाही. रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व'मध्ये (२०११) सुबोध भावे यांचा चेहरा आणि आनंद भाटे यांचा गळा होता. भाटे यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि विक्रम गायकवाड यांना रंगभूषेसाठी. ही जोडणी बऱ्याच अंशी जमली, आणि का जमली हे पाहण्यासारखे आहे. एक तर बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत जुन्या खरखरत्या तबकड्यांतून आलेला. मूळ आवाज आणि नवा आवाज यांच्यामध्ये तो खरखरीचा पडदा कायम राहतो. दुसरे म्हणजे बालपणापासून 'आनंद गंधर्व' म्हणून ओळखले गेलेले आणि पुढे भीमसेन जोशींकडे शिकलेले भाटे त्या गायकीत आयुष्यभर राहिले आहेत. चित्रपटासाठी त्यांनी ती अंगावर चढवलेली नाही. आणि तिसरे, मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, म्हणजे बालगंधर्वांची कलाच रूप घेण्याची होती. पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यायचे, त्यात एका नटाने दुसऱ्याचा गळा घेतला तर ते त्या खेळाच्या जातकुळीतच बसते. पदराच्या एका हालचालीत भावे यांनी जे कमावले त्यावर भाट्यांचा सूर सहज टेकला. अगदी जवळून घेतलेल्या चौकटींत तेवढा सांधा दिसतो.

निपुण धर्माधिकारी यांच्या 'मी वसंतराव'ने (२०२२) उलट वाट धरली. तिथे आधी गळा ठरला. राहुल देशपांडे यांनीच आजोबांची भूमिका केली आणि संगीतही दिले. त्यांच्या अभिनयात अवघडलेपण आहे. अमेय वाघ दीनानाथ मंगेशकर म्हणून समोर येतात तेव्हा मुरलेला नट आणि नवखा नट यांच्यातले अंतर झाकत नाही. तरीही मैफलीच्या प्रसंगांत, जिथे सूर लागत नाही आणि मग लागतो, तिथे या चित्रपटाला जे साधले ते भल्याभल्या नटांना साधले नसते. न लागलेला सूर चेहऱ्यावर कसा दिसतो हे ज्याचा सूर कधीतरी लागला आहे त्यालाच ठाऊक असते. इथे कोणी म्हणेल, नातूच तो, रक्तात असणार. मला ते पटत नाही. वसंतराव १९८३ साली गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. जे आले ते पुढच्या तालमीतून आले.

अमेरिकेत कंट्री संगीत म्हणून जो प्रकार आहे, त्याचे आपल्या शाहिरी-तमाशाशी दुरून का होईना नाते लागते. खेड्यातल्या कष्टकऱ्यांचे गाणे, मोजकी वाद्ये, बोलीतले शब्द, सांगण्यासारखी कथा, आणि शहरी शिष्टांनी आधी नाक मुरडून नंतर डोक्यावर घेणे. त्या गायकांवर तिकडे कितीतरी चित्रपट झाले. केंटकीतल्या कोळशाच्या खाणकामगाराची मुलगी लॉरेटा लिन हिच्यावरच्या 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये (१९८०) सिसी स्पेसेक या अभिनेत्रीने सगळी गाणी स्वतः गायली. तिची निवड खुद्द लॉरेटाने केली होती. त्याच चित्रपटात पॅट्सी क्लाइन या थोर गायिकेचे छोटे काम बेव्हर्ली डॅन्जेलोने केले, तेही स्वतःच्या आवाजात. पाच वर्षांनी खुद्द पॅट्सीवर 'स्वीट ड्रीम्स' निघाला तेव्हा जेसिका लँगने नुसते ओठ हलवले; आवाज पॅट्सीच्याच मूळ ध्वनिमुद्रणांतला होता. पॅट्सी १९६३ साली विमान अपघातात गेली होती. एकच गायिका, दोन चित्रपट, दोन उत्तरे. लँग ही फार मोठी अभिनेत्री आणि आवाज तर अस्सलच. तरी हे अस्सल आणि ते अस्सल एकत्र येऊन काहीतरी अवघड होते. ध्वनिमुद्रणातला श्वास एका खोलीतला आणि पडद्यावरचा देह दुसऱ्या खोलीतला. स्पेसेकचा गळा लॉरेटाइतका समर्थ नाही, पण ती गाते तेव्हा एक मुलगी गात असते. जोकिन फीनिक्स आणि रीझ विदरस्पून यांनी 'वॉक द लाइन'मध्ये (२००५) जॉनी कॅश आणि जून कार्टर यांची गाणी स्वतःच म्हटली, ती याच धड्यावरून.

आपल्याकडे इम्तियाझ अलींच्या 'अमरसिंग चमकीला'ने (२०२४) हा धडा घेतला. दिलजीत दोसांझ हा नट होण्याआधी पंजाबीतला गायक, आणि गाण्याचे प्रसंग चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रित केलेले. चमकीलाचा अखाडा म्हणजे तुंबी, ढोलकी आणि समोर बसलेला गाव. तो अखाडा पडद्यावर जिवंत होतो, कारण माईकपुढे उभा असलेला माणूस त्या क्षणी खरोखर गातो आहे.

आता शाहीर साबळे. त्यांचा गळा कसा होता हे शोधायला तबकड्यांचे संशोधन करावे लागत नाही. राजा बढे यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले महाराष्ट्रगीत आपण सर्वांनी त्यांच्याच आवाजात ऐकले आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, म्हणजे चित्रपट येण्याच्या दोन महिने आधी. त्या आवाजात वीरश्री आहे हे तर शाळकरी मुलगाही सांगेल. मला त्यात आणखी एक गोष्ट नेहमी जाणवते, ती म्हणजे शब्दाची स्वच्छता. एकही अक्षर सुरात विरघळत नाही. मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही शब्द कळला पाहिजे, अशा बेताने तो गळा घडला आहे. त्यांनी गायलेले एकनाथांचे विंचवाचे भारूड याच्या शेजारी ठेवून ऐकावे. तिथे तोच गळा विव्हळतो, डोळे मिचकावतो, थट्टा करतो, मधूनच गाणे सोडून बोलू लागतो आणि बोलता बोलता पुन्हा गाण्यात शिरतो. हे गाणे ऐकणाऱ्याला उद्देशून आहे. शाहीर स्वतःशी गात नसतो. समोर माणसे नसतील तर त्याला गाण्याचे कारणच उरत नाही.

त्यांचा जीवनक्रमही असाच माणसांतून गेलेला. बालपण अमळनेरला, तिथे साने गुरुजींचा सहवास. पुढे मुंबई, गिरणगाव, स्वातंत्र्यलढा, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. मग 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' यांसारखी मुक्तनाट्ये. आणि उत्तरायुष्यात 'महाराष्ट्राची लोकधारा'. १९९८ साली पद्मश्री, २० मार्च २०१५ रोजी मृत्यू. 'माझा पवाडा' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी चित्रपटाआधी किंवा नंतर ते जरूर वाचावे.

अंकुश चौधरी यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी बोलले पाहिजे. केदार शिंदे, भरत जाधव आणि अंकुश हे तिघेही शाहिरांच्या लोकधारेत घडलेले. म्हणजे ज्या माणसाची भूमिका करायची, त्याच्या मागे उभे राहून या नटाने झील धरलेली आहे, पावले टाकलेली आहेत. झीलकऱ्याला शाहीर समोरून दिसत नाही. त्याला दिसते ती पाठ, खांदे, वळताना घेतलेला पायाचा ठेका, ढोलकीवाल्याला मागच्या मागे केलेली खूण. अंकुश यांच्या कामात जे उत्तम आहे ते नेमके याच जागांचे आहे. रंगमंचावर प्रवेश करताना, साथीदारांकडे वळताना, कडवे संपवून हात वर नेताना त्यांच्या अंगात जी सहजता आहे ती रंगभूषेने येत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. अंकुश लालबाग-परळच्या वातावरणात वाढलेले. आमच्या सातारकरांना वाटेल की पसरणीच्या शाहिराला मुंबईची बोली कशी चालेल. पण गिरणगावची मराठी झाली कशी? ती आमच्याच जिल्ह्यातून आणि कोकणातून गिरण्यांत गेलेल्या माणसांनी घडवलेली. शाहिरांची स्वतःची बोली पसरणी, अमळनेर आणि मुंबई अशी तिपेडी होती. तेव्हा अंकुश यांच्या तोंडची भाषा अगदीच परकी म्हणता येत नाही. शुद्ध पुणेरी वळणाच्या नटापेक्षा तर ती शंभर पटींनी बरी.

वयाचे तेवढे जमले नाही. पन्नाशीला आलेल्या नटाने विशीतला प्रेमिक व्हावे आणि समोर खरोखरच विशीतली नायिका असावी, यात कितीही कौशल्य असले तरी डोळ्यांना खटकते. आणि या नटाचे एक मोठे बलस्थान, त्याची विनोदाची जाण, हिचा उपयोग व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही. 'ऑल द बेस्ट'सारख्या नाटकात हा नट कसा चमकला होता हे आमच्या पिढीला आठवत असेल. मुक्तनाट्यांचा शाहीर हा बतावणीतला हजरजबाबी माणूस होता, सत्तेला चिमटे काढणारा होता. चरित्रपटाला मात्र त्याचे भारावलेपण अधिक हवेसे वाटले. नातवाने आजोबांचा चित्रपट केला की असे होणारच. त्याला दोष तरी किती द्यायचा!

खरी अडचण गाणे सुरू झाल्यावर होते. अजय गोगावले यांचा आवाज मला आवडतो. 'नटरंग', 'सैराट' यांतून त्या आवाजाने मराठी मनात जी जागा मिळवली आहे ती न्याय्यच आहे. पण त्या आवाजाची प्रकृती वेगळी आहे. तो आतून पिळवटत येतो, सुराला धरून ताणत नेतो, शब्दाला भावनेत भिजवून टाकतो. तो आर्त आवाज आहे. साबळ्यांचा आवाज हाळीचा आहे. आर्ततेत गाणारा स्वतःच्या आत जातो, हाळीत तो दुसऱ्यापर्यंत जातो. पडद्यावर १९४०-५० च्या काळातला एक तरुण डफ घेऊन उभा राहतो आणि तोंड उघडताच त्यातून आपल्या काळाच्या चित्रपटसंगीताचा ओळखीचा गळा बाहेर पडतो. मागे प्रचंड वाद्यवृंद असतो. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज एवढ्यावर मैदान मारणाऱ्या माणसाच्या मागे एवढी फौज उभी केली की त्याच्या एकट्या छातीचा पराक्रम उरतोच कुठे? प्रेक्षकाला रोमांच येतात, नाही असे नाही. पण ते रोमांच अजय-अतुल यांच्या संगीताचे असतात. शाहिरीचे असतीलच असे नाही.

यावर व्यवहाराचे उत्तर तयार असते. साबळ्यांसारखा गळा आज कुठून आणायचा? तो असेलही, पण शोधणार कोण? गंमत अशी की या प्रश्नाला चित्रपटानेच उत्तर देऊन ठेवले आहे. छोट्या किसनाच्या गाण्यासाठी त्यांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रण-वर्तुळातला सराईत बालगायक घेतला नाही. शाळेत गातानाची चित्रफीत समाजमाध्यमांतून पसरलेला, खेड्यातला एक मुलगा त्यांनी शोधून आणला आणि त्याच्याकडून गाऊन घेतले. त्या गाण्यात जो कोवळा, न घोटलेला, थोडा धारदार आवाज ऐकू येतो, तो ऐकताना आपण क्षणभर खरोखर आजीच्या धाकात असलेल्या एका गाणवेड्या पोराजवळ जाऊन बसतो. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली ती सर्वांत अचूक पात्रनिवड आहे. पोरगा मोठा झाला, चेहरा बदलला, ठीक आहे. पण गळ्याचा गावच बदलावा? लहानपणीचा आवाज शाळेच्या वर्गातून आणि मोठेपणीचा ध्वनिमुद्रणाच्या काचेआडून, असा हा तुटक प्रवास झाला आहे. ज्या नजरेने तो मुलगा सापडला त्याच नजरेने वाईच्या, म्हसवडच्या, जतच्या जत्रांत दोन महिने हिंडले असते तर एखादा तरणा शाहीर सापडला नसता असे मला वाटत नाही.

चेहऱ्याला नट आणि गळ्याला अनामिक शाहीर, एवढी तडजोड तर करता आलीच असती. आणि हिंमत असती तर दोन्ही एकाकडेच दिले असते. प्रसिद्ध नट नसला तर पैसे कोण घालणार, हा प्रश्न 'सैराट'नंतर मराठीत तरी पूर्वीइतक्या ठामपणे विचारता येऊ नये. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांना २०१६ च्या आधी कोण ओळखत होते?

मराठी पडद्यावरचा सर्वांत खरा शाहीर कोणता, असे मला कोणी विचारले तर मी कोणत्याही चरित्रपटाकडे जाणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला (२०१४) नारायण कांबळे हे माझे उत्तर. काल्पनिक पात्र, भूमिका केली ती नागपूरचे कार्यकर्ते-कवी वीरा साथीदार यांनी, आणि चित्रपटातल्या गीतांमागे संभाजी भगत. साथीदार २०२१ साली गेले. त्यांना नट म्हणून कोणी ओळखत नव्हते, आणि त्या चित्रपटात ते नटासारखे काही करतही नाहीत. वस्तीतल्या एका लहानशा मंचावर चढतात आणि गाऊ लागतात. दाढी पिकलेली, आवाज किंचित खरवडलेला, श्वास पुरा पडेल की नाही अशी धाकधूक. कॅमेरा जवळही जात नाही. तरी समोर खुर्च्यांवर बसलेल्यांतले आपण एक होतो. शाहीर हा सूर लावणारा माणूस असण्याआधी काहीतरी म्हणायचे असलेला माणूस आहे, हे तिथे न सांगता कळते.

भानुमतीबाईंविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाहिरांच्या या पत्नी स्वतः कवयित्री होत्या, शाहिरांसाठी त्यांनी गीते लिहिली. ही भूमिका दिग्दर्शकाची कन्या सना शिंदे यांनी केली, म्हणजे पणतीने पणजीचे काम केले. यावर जी घराणेशाहीची टीका झाली तिच्यात मला फारसा रस नाही. पहिलेच काम म्हणून सना यांनी ते प्रामाणिकपणे केले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. गळा जसा उसना आला, तसा शब्दही कुठून तरी येतोच. शाहिराच्या तोंडी येणारे शब्द लिहिणारी बाई घरात आहे, आणि चित्रपटाचे सारे लक्ष ती प्रेयसी, पत्नी आणि दुखावलेली स्त्री म्हणून कशी दिसते याकडे. लिहिताना ती कशी दिसत असेल, एखादा शब्द नवऱ्याने मैदानात बदलून म्हटला तर तिला काय वाटत असेल, हे प्रसंग मिळाले असते तर त्या भूमिकेला आजच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठी अभिनेत्री लागली असती, आणि मग निवडीचा निकष रक्ताचा राहिला नसता.

हे सगळे एवढे मनावर का घ्यावे, असे वाचकांना वाटेल. चित्रपट शेवटी चित्रपट. पण लोकसाहित्य शिकवणाऱ्या माणसाला त्याचे परिणाम वर्गात दिसतात. लोकसाहित्याच्या तासाला पोवाडा म्हणून दाखवा म्हटले की चार-पाच मुले हमखास पुढे येतात. पूर्वी ती घरातल्या किंवा गावातल्या कुणाची तरी नक्कल करीत. कुणाचा चुलता भजनात, कुणाचा आजा गोंधळी, कुणी जत्रेत ऐकलेले. त्या नकलेत गावागावाची चाल वेगळी असे, झील धरण्याची तऱ्हा वेगळी असे. आता मुले भ्रमणध्वनीवर वाद्यवृंदाचा माग लावतात आणि त्यावर चित्रपटातल्या गळ्याची नक्कल करतात. गातात छान. सूर पूर्वीपेक्षा पक्के आहेत. पण समोरच्या वर्गाकडे त्यांचे लक्ष नसते, डोळे मिटलेले असतात. शाहीर डोळे मिटून गात नाही, हे त्यांना सांगावे लागते. साबळ्यांची मूळ ध्वनिमुद्रणे मी वर्गात ऐकवतो तेव्हा एकदोघे तरी म्हणतात, सर, हा आवाज जुना वाटतो. त्यांच्या लेखी चित्रपटातला आवाज हाच शाहिरांचा आवाज झाला आहे. चरित्रपट एवढे करू शकतो.

या सातारा-सांगलीच्या मातीने किती शाहीर दिले याची यादी मी देत बसत नाही. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ही दोनच नावे पुरेत. अण्णा भाऊंवर, अमर शेखांवर आज ना उद्या कोणीतरी मोठा चित्रपट करील. अमर शेख तर १९६१ च्या 'प्रपंच'मध्ये स्वतः पडद्यावर आले होते. तो दणकट देह कसा चालत-बोलत होता हे आजही पाहता येते, आणि त्यांच्या पहाडी आवाजाचे नुसते नाव घेतले तरी तो ऐकलेली जुनी माणसे हळवी होतात. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यावर हिंदीत चित्रपट होत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, आणि बातमी आल्याबरोबर चर्चा सुरू झाली ती नायिका कोण, ती नऊवारीत कशी दिसेल, लावणीची तालीम किती महिने घेतली, याची. विठाबाईंची लावणी नुसती नाचायची नव्हती, ती गायचीही होती. पायांत चाळ बांधून, नाचता नाचता, दमाच्या हिशेबाने तोडलेल्या ओळी त्यांच्या गळ्यातून येत. ती नायिका नाचेल यात शंका नाही. नाचताना तिला धाप लागेल का, आणि ती धाप गाण्यात ऐकू येईल का, हे मला पाहायचे आहे.